पार्ट पडला, आता काय तपासायचं? रिव्हॉल्व्हरवाल्या सॅम्युअल कोल्टची गोष्ट

मागच्या महिन्यात माझा फोन जिन्यावरून पडला आणि स्क्रीन गेली. दुरुस्तीवाल्या दादाने त्याच मॉडेलच्या एका बंद फोनची स्क्रीन काढून माझ्या फोनला बसवली. बसली अगदी चपखल, टचही चालला. पण सेटिंगमध्ये मेसेज आला की हा पार्ट ओळखीचा नाही. म्हणजे कंपनी तीच, मॉडेल तेच, तरी प्रत्येक स्क्रीनचा स्वतःचा नंबर, आणि फोनला हवा त्याचाच नंबर. चिडचिड झाली. त्यावर वाचत बसलो तेव्हा कळलं की पार्टवर नंबर टाकायचा हा प्रकार १८५० च्या सुमारास अमेरिकेतल्या एका कारखान्यात जोरात चालायचा. कारण मात्र अगदी उलटं होतं. कारखान्याचा मालक सॅम्युअल कोल्ट.

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ चा, कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्डचा. आई लहानपणीच क्षयाने गेली. पोरगं उचापती. १८२९ साली, पंधरा पूर्ण व्हायच्या आत, त्याने वेअर गावाच्या तळ्यात स्फोट करून दाखवायचं जाहीर केलं. स्फोट झाला, पण जमलेली गर्दी चिखलाने माखली आणि त्याला मारायला धावली. एलिशा रूट नावाच्या एका तरुण मेकॅनिकने त्याला वाचवलं म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा.

शाळेत आणखी उद्योग झाल्यावर वडिलांनी त्याला १८३० मध्ये कोर्व्हो नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून पाठवलं. जहाज चाललं होतं कलकत्त्याला. त्या प्रवासात त्याने लाकडात फिरत्या सिलिंडरचं मॉडेल कोरलं. सिलिंडर म्हणजे बार भरायचा गोल भाग, ज्यात पाच-सहा भोकं असतात. परत आल्यावर हार्टफर्डच्या एका कारागिराकडून दोन खरे नमुने करून घेतले. रायफल चालली, पिस्तूल पहिल्याच चाचणीत फुटलं. मग पैसे उभे करायला हा पठ्ठ्या कलकत्त्याचे डॉक्टर बनून गावोगाव फिरला आणि लोकांना लाफिंग गॅस हुंगवायचे खेळ केले! आजच्या स्टार्टअपवाल्यांनी फंडिंगची तक्रार करू नये.

२५ फेब्रुवारी १८३६ ला अमेरिकन पेटंट मिळालं. आयडिया समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. हॅमर मागे ओढला की आतली एक छोटी दांडी सिलिंडरच्या मागच्या दातांना ढकलते आणि सिलिंडर एक घर फिरतो. लगेच खालून एक खिट्टी वर येऊन सिलिंडरच्या बाहेरच्या खाचेत बसते. आता भोक आणि नळी एका रेषेत. रेष चुकली तर गोळी नळीच्या कडेवर घासते, शिसं खरवडून बाजूने उडतं, आणि फारच चुकली तर हत्यार हातात फुटतं.

न्यू जर्सीतल्या पॅटरसनला त्याने कारखाना काढला. पण तिथल्या सुरुवातीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये एक मोठी गोची होती. बार संपले की नळी आणि सिलिंडर काढल्याशिवाय पुन्हा भरता यायचं नाही. नळी एका पाचरीने धरलेली. पाचर बाहेर, नळी वेगळी, सिलिंडर वेगळा. हे टेबलावर ठीक आहे. टेक्सासचे रेंजर हे घोड्यावर बसून करायचे, भरलेला जादा सिलिंडर खिशात ठेवून. एक हात लगामाला, समोरून बाण येतायत, आणि हातात तीन सुटे भाग. त्यातला एक निसटून दगडावर पडला तर?

तर बघायचं बरंच असतं. आपण फोन पडल्यावर फक्त काच बघतो, इथे काच सगळ्यात कमी महत्त्वाची, असं समजा. सिलिंडरच्या मागे ठिणगी आत नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यातली एक चेपली तर त्या घरातला बार उडणारच नाही. मागचा एखादा दात मोडला तर सिलिंडर अर्धवट फिरेल. बाहेरच्या खाचेची कड दुमडली तर खिट्टी बसणार नाही. ज्या दांड्यावर सिलिंडर फिरतो तो वाकला तर एका बाजूला अडकेल, दुसऱ्या बाजूला सैल होईल. नळीच्या मागच्या तोंडाला चेप आली तर गोळी आत शिरतानाच कापली जाईल. पाचरीला बुरसा आला तर नळी घट्टच बसणार नाही. म्हणून रिकामं हत्यार जोडून हॅमर सावकाश ओढायचा आणि प्रत्येक घराला खिट्टी बसली का ते बघायचं. एक घर बरोबर आलं म्हणून बाकीची बरोबर असतातच असं नाही. आणि धातूच्या आतली केसाएवढी भेग यातल्या कशातच दिसत नाही. (आज हे काम परवानाधारक कारागिराचं आहे. यूट्यूब बघून करायचं नाही.)

१८३९ मध्ये जागेवर बार ठासायची दांडी आली, पण तोवर उशीर झाला होता. १८४२ मध्ये कंपनी बसली. मधली काही वर्षं कोल्ट पाण्याखालचे सुरुंग आणि त्यांच्यासाठी वॉटरप्रूफ केबल यात रमला. टेलिग्राफवाल्या मॉर्सशीही त्याची ऊठबस होती.

मग मेक्सिकोशी युद्ध सुरू झालं. रेंजर राहिलेला कॅप्टन सॅम्युअल वॉकर सुधारणांची यादी घेऊन आला आणि १८४७ च्या सुरुवातीला सैन्याकडून १,००० नगांची ऑर्डर मिळाली. कोल्टकडे तेव्हा कारखानाच नव्हता. एली व्हिटनी ज्युनियरच्या कारखान्यात माल बनवून घेतला. सहा बारांचं, जवळपास २ किलोचं धूड. एका बाराला साधारण ४ ग्रॅम दारू मावायची, आणि तेव्हाचं लोखंड एकसारखं नसायचं. बरेच सिलिंडर फुटले. शिवाय बार उडाल्याच्या धक्क्याने नळीखालची ठासायची दांडी निसटून खाली यायची आणि सिलिंडरच अडकून पडायचा. शिपाई ती चामड्याच्या वादीने बांधून ठेवायचे. स्वतः वॉकर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हुआमांतलाच्या लढाईत मारला गेला. पुढच्या मॉडेलमध्ये कोल्टने सिलिंडर आखूड केला, दारू कमी केली आणि दांडीच्या टोकाला कडी दिली. बग रिपोर्ट आला आणि फिक्स निघाला, पण तोवर फुटलेले सिलिंडर कुणाच्या तरी हातातच फुटले होते.

१८४९ मध्ये कोल्टने एलिशा रूटला भरपूर पगार देऊन आणलं. हो, तोच चिखलवाला. रूटने एकेका कामासाठी एकेक मशीन लावली. पार्ट डोळ्याने जोखण्याऐवजी गेजने मोजायचा, म्हणजे साच्यात बसला तर पास, अडला तर बाद. ही कल्पना कोल्टची नव्हे. हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात जॉन हॉलने ती आधीच करून दाखवली होती. कोल्टने ती जगाला विकली. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्याने म्हणे दहा रिव्हॉल्व्हर सुटी करून, पार्ट मिसळून, पुन्हा दहा जोडून दाखवली. त्याच वर्षी तिथल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेत त्याचं भाषण झालं.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. कोल्टची जुनी रिव्हॉल्व्हर उघडली तर सांगाडा, नळी, सिलिंडर, अगदी पाचरीवरसुद्धा एकच नंबर ठोकलेला सापडतो. सगळे पार्ट खरंच सारखे असते तर नंबर कशाला? मशीनमधून पार्ट निघायचे जवळजवळ सारखे. मग कारागीर कानस घेऊन ते एकमेकांत बसवायचा, नंबर टाकायचा, पुन्हा सुटे करून कडक करायला भट्टीत पाठवायचा आणि परत आल्यावर नंबर बघून जोड्या लावायचा. नंतरच्या संशोधकांनी अस्सल नग उघडून अदलाबदल करून पाहिली तेव्हा पार्ट सरळसोट बसले नाहीत. लंडनमधला खेळ झाला असेल, तर ते दहा नग निवडून आणलेले असणार असं मला वाटतं. डेमो आणि प्रॉडक्शन यातला फरक आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कुणी शिकवायला नको.

त्याचे पार्ट बसत नव्हते म्हणून नंबर होते. माझ्या फोनचा पार्ट बसतोय, तरी नंबर आडवा येतो.

१८५५ मध्ये हार्टफर्डला नदीकाठी बांध घालून निळ्या घुमटाचा भलामोठा कारखाना उभा राहिला. फ्रान्सिस प्रॅट आणि अ‍ॅमॉस व्हिटनी इथेच तयार झाले, आणि पुढे त्यांच्या कंपनीने अचूक मोजमापाच्या उपकरणांत नाव काढलं. पण हा माल कुणावर चालला तेही सांगायला हवं. टेक्सासच्या माळावर त्याने कोमांची लोकांचा पाडाव सोपा केला. आणि उत्तर-दक्षिण भांडण पेटत असताना १८६१ मध्ये युद्धाला तोंड फुटेपर्यंत कोल्ट दक्षिणेलाही माल पाठवत राहिला. त्यावरून उत्तरेतल्या वर्तमानपत्रांनी त्याला झोडपलं. सिलिंडरच्या सहाही घरांची काळजी करणाऱ्या या माणसाने गिऱ्हाइकाची फारशी केलेली दिसत नाही.

१० जानेवारी १८६२ ला तो वारला, वय ४७. दोन वर्षांनी कारखान्याचा मोठा भाग जळाला. पत्नी एलिझाबेथने तो पुन्हा बांधला आणि धंदा पुढे चालवला. त्या काळातली रिव्हॉल्व्हर आज संग्राहक विकत घेतात तेव्हा गंज, चेप वगैरे नंतर बघतात. आधी पाचर काढून तिच्यावरचा नंबर सांगाड्याच्या नंबरशी जुळतो का ते बघतात. नाही जुळला तर किंमत तिथेच घसरते.