प्रेषितांची प्रेषिता : मग्दालिया मरिया



गालील सरोवराच्या पश्चिम काठावरचे मग्दाला हे मासेमारांचे गाव. मरिया तिथलीच. प्रभू येशूने तिच्यातून सात भुते काढली, असे संत लूक सांगतो. बरी झाल्यावर ती योहान्ना, सुसान्ना आदी स्त्रियांसोबत प्रभूच्या मागे निघाली. पदरचे खर्चून या स्त्रिया प्रभूची व शिष्यांची सेवा करीत. पुढे शिष्य पळाले, तेव्हाही ती क्रुसाजवळ उभी होती.

रविवारी पहाटे, अंधार असतानाच ती कबरेकडे गेली. धोंड सरकवलेली पाहून तिने धावत जाऊन पेत्राला सांगितले. पेत्र व दुसरा शिष्य आले, त्यांनी रिकामी कबर पाहिली आणि ते घरी परतले. मरिया मात्र रडत तिथेच थांबली. समोर उभा असलेला प्रभू तिला माळी वाटला. त्याने नावाने हाक मारली, तेव्हा तिने त्याला ओळखले. परंतु त्याने तिला बिलगून राहू दिले नाही. आपल्या बंधूंकडे निरोप घेऊन पाठविले.

त्या काळी यहुदी समाजात स्त्रीची साक्ष सहसा ग्राह्य धरीत नसत. प्रेषितांनाही त्या स्त्रियांचे बोलणे वायफळ वाटले. तरी मरियेने निरोप पोहोचविला. विश्वास देणे हे देवाचे काम. सांगणे हे तिचे.

इ. स. ५९१ मध्ये पोप थोर ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला व लूकच्या सातव्या अध्यायातील पापी स्त्रीला एकच मानले. शुभवर्तमानात तसे कुठेही म्हटलेले नाही. तरी शेकडो वर्षे ती पापिणी म्हणूनच ओळखली गेली. १९६९ च्या उपासना-पंचांगाने ही सरमिसळ दूर केली. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला. आम्हीही पूर्वी वेदीवरून तीच चूक केली आहे. आज ती कबूल करतो.

आपल्या धर्मग्रामात यंदा ज्या घरी कोणी दगावले आहे, त्या घराची पायरी आपण चढू या. मोठे प्रवचन नको. मरियेसारखे रडून झालेल्या डोळ्यांनी एवढेच सांगू या, की प्रभू उठला आहे. आणि हीच वार्ता एखादी अडाणी म्हातारी आपल्याला सांगू लागली, तर तिचे बोलणे वायफळ समजू नये.