बाळू पालवणकर

बाळू बाबाजी पालवणकर (जन्म : धारवाड, १८७५-७६ च्या सुमारास, मृत्यू : मुंबई, ४ जुलै १९५५) हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे भारतातील अग्रगण्य क्रिकेटपटू होते. इंग्रजी नोंदींत त्यांचे नाव 'पी. बाळू' किंवा 'पालवणकर बाळू' असे आढळते. ते डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज होते. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या अखिल भारतीय संघाकडून त्यांनी एकाच हंगामात शंभराहून अधिक बळी मिळवले. तत्कालीन समाजाने अस्पृश्य मानलेल्या चर्मकार जातीत जन्मलेल्या बाळूंना मैदानावर मान मिळाला. मात्र मैदानाबाहेर तोच मान मिळण्यास फार काळ जावा लागला, आणि संघाचे कर्णधारपद तर त्यांना कधीच मिळाले नाही.

जन्म आणि कुटुंब

पालवणकर कुटुंब मूळचे कोकणातील पालवण या गावचे. गावाच्या नावावरूनच त्यांचे आडनाव पडले. बाळूंचे वडील लष्कराच्या सेवेत असल्याने कुटुंब पुण्यास आले आणि बाळूंचे बालपण तेथील लष्करी वसाहतीच्या परिसरात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू व त्यांचा धाकटा भाऊ शिवराम यांनी क्रिकेटचे पहिले धडे घेतले. शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे त्यांचे तीनही धाकटे भाऊ पुढे हिंदू संघाकडून खेळले. एकाच घरातील चार भावांनी प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळावे, ही गोष्ट त्या काळी असामान्य होती.

पुण्यातील उमेदवारी

घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे बाळूंना शिक्षण लवकर सोडावे लागले. त्यांना पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रोलर फिरवणे हे त्यांचे काम होते व महिना ३ रुपये वेतन होते. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपये वेतनावर रुजू झाले. तेथे खेळपट्टीची निगा राखणे, सरावासाठी जाळी उभारणे आणि प्रसंगी टेनिसच्या मैदानावर पांढऱ्या रेषा आखणे ही कामे त्यांच्याकडे होती.

क्लबातील एका गोऱ्या सभासदाने त्यांना जाळीत गोलंदाजी करण्यास सांगितले आणि तेथून त्यांच्या कौशल्याची ओळख झाली. जॉन ग्लेनी ग्रेग हे लष्करी अधिकारी त्या काळचे नामांकित फलंदाज होते आणि इंग्लंडमधील हँपशायर संघाकडूनही ते खेळत. इतरांच्या आधी मैदानावर येऊन ते बाळूंच्या गोलंदाजीवर दीर्घकाळ सराव करीत. ग्रेग बाद झाले की ते बाळूंना आठ आणे देत असत, अशी आठवण सांगितली जाते. रोज तासन्‌तास केलेल्या या गोलंदाजीमुळे बाळूंचा टप्पा अचूक झाला, चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याची हातोटी साधली आणि न थकता दीर्घकाळ गोलंदाजी करण्याची ताकद आली. फलंदाजीची संधी मात्र त्यांना तेथे मिळत नसे. बॅट हाती घेण्याचा अधिकार साहेबांचा आणि चेंडू टाकण्याचे श्रम नोकराचे, अशी ती व्यवस्था होती.

पूना हिंदू संघातील प्रवेश

पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंना युरोपियनांच्या संघाशी सामना द्यावयाचा होता. गावातील सर्वोत्तम गोलंदाज बाळू आहेत, हे सर्वांना ठाऊक होते. परंतु त्यांना संघात घ्यावे किंवा नाही, याविषयी सभासदांत तीव्र मतभेद झाले. अखेर जिंकण्याच्या इच्छेने सोवळ्यावर मात केली आणि बाळूंना संघात घेण्यात आले.

ही सवलत सीमारेषेच्या आतपुरतीच होती. मैदानावर उच्चवर्णीय खेळाडू बाळूंच्या हातचा चेंडू बिनदिक्कत झेलत. चहाच्या वेळी मात्र सारे खेळाडू आत बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणाचे पान आणि बसण्याची जागाही वेगळी असे.

बाळूंच्या समावेशानंतर पूना हिंदू संघाने युरोपियन संघांवर विजय मिळवले. साताऱ्यातील गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धचा सामना विशेष गाजला. बाळूंची फिरकी निष्प्रभ ठरावी म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर कित्येक दिवस रोलर फिरवला होता, तरीही त्यांनी फलंदाजांची दाणादाण उडवली. या विजयानंतर संघाचे पुण्यात जाहीर स्वागत झाले. जो आपल्याबरोबर खेळतो त्याच्याबरोबर खाणेपिणेही झाले पाहिजे, अशा आशयाचा विचार न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्या सुमारास मांडला, असे सांगितले जाते.

मुंबई आणि युरोपियनांवरील विजय

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू मुंबईस आले. मुंबईतील परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याची स्थापना १८९४ साली झाली होती. तेथेही काही सभासदांनी त्यांच्या प्रवेशास विरोध केला, परंतु खेळाडूंच्या आग्रहामुळे त्यांना संघात स्थान मिळाले. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळू लागले.

त्या काळी मुंबईतील मोठे सामने धर्मनिहाय संघांत होत. आरंभी युरोपियन आणि पारशी हे दोनच संघ होते. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघ युरोपियनांविरुद्ध उतरला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचा पहिला डाव १९१ धावांवर आणि दुसरा १०२ धावांवर आटोपला. हिंदूंनी हा सामना १०९ धावांनी जिंकला आणि या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. शिवराम हेही या संघात होते. स्वदेशीच्या चळवळीने भारलेल्या त्या दिवसांत या विजयाला राष्ट्रीय अर्थ प्राप्त झाला. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकी साप्ताहिकाने या विजयात जातिभेद शिथिल झाल्याची खूण पाहिली, कारण तोपर्यंत जिमखान्यात बाळू इतर खेळाडूंच्या पंक्तीस बसू लागले होते.

१९०७ साली या सामन्यांना तिरंगी स्पर्धेचे रूप आले. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली आणि १९३७ मध्ये पंचरंगी झाली. पहिल्या दोन टप्प्यांत बाळू हे हिंदू संघाचे प्रमुख अस्त्र होते.

१९११ चा इंग्लंडमधील हंगाम

सर्व धर्मांच्या खेळाडूंचा पहिला अखिल भारतीय संघ १९११ च्या उन्हाळ्यात इंग्लंडला गेला. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदर सिंग हे त्याचे कर्णधार होते. संघात सहा पारशी, पाच हिंदू आणि तीन मुस्लिम खेळाडू होते. पाच हिंदूंपैकी दोघे, म्हणजे बाळू आणि शिवराम, पालवणकर बंधू होते. महाराज स्वतः मोजकेच सामने खेळले. राजा पाचवे जॉर्ज यांच्या राज्यारोहण समारंभाचे ते वर्ष असल्याने दरबारी कार्यक्रमांत त्यांचा बराच वेळ गेला. मैदानावरील भार इतरांना उचलावा लागला.

इंग्लंडमधील काउंटी संघांत त्या काळी दोन प्रकारचे खेळाडू असत. हौसेने खेळणाऱ्यांना 'जंटलमन' म्हणत आणि खेळावर पोट असणाऱ्या व्यावसायिकांना 'प्लेयर' म्हणत. दोघांची कपडे बदलण्याची दालने आणि मैदानात उतरण्याची दारेही अनेक ठिकाणी वेगळी असत. गोलंदाजीचे कष्ट बहुधा व्यावसायिकांच्या वाट्यास येत. जातिभेद सोसून आलेल्या बाळूंसमोर वर्गभेदावर उभे असलेले हे क्रिकेट होते. तो हंगाम वॉरविकशायरने काउंटी अजिंक्यपद प्रथमच पटकावल्यामुळे तेथे स्मरणात राहिला.

भारतीय संघाला असे दीर्घ दौरे, ओलसर हवा आणि सलग तीन दिवसांचे सामने यांचा सराव नव्हता. प्रथम दर्जाच्या १४ सामन्यांपैकी १० सामने त्याने गमावले, २ जिंकले आणि २ अनिर्णित राहिले. दोन्ही विजयांत पालवणकर बंधूंचा हात होता. लेस्टरशायरविरुद्धच्या पहिल्या विजयात बाळूंची गोलंदाजी प्रभावी ठरली. सॉमरसेटविरुद्ध टाँटन येथे शिवराम यांनी नाबाद शतक झळकावले आणि भारतीय संघ एका गड्याने जिंकला. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात बाळूंनी १०३ धावांत ८ बळी घेतले. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील ही त्यांची एका डावातील सर्वोत्तम कामगिरी ठरली.

दौऱ्यातील प्रथम दर्जाच्या सामन्यांत बाळूंनी २०.१२ च्या सरासरीने ७५ बळी मिळवले. सर्व सामने धरता त्यांच्या बळींची संख्या ११४ आणि सरासरी १८.८४ होती. त्या वेळी त्यांनी वयाची पस्तिशी गाठली होती. पराभूत होत गेलेल्या संघातील एका गोलंदाजाने परक्या हवेत केलेली ही कामगिरी इंग्रज जाणकारांच्याही प्रशंसेस पात्र ठरली.

संघ परतल्यावर मुंबईत अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या वतीने बाळूंचा सत्कार झाला. त्या वेळी एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असलेले भीमराव आंबेडकर यांचा या प्रसंगीच्या मानपत्राशी संबंध होता, असे चरित्रकार नमूद करतात. तरुण आंबेडकरांच्या दृष्टीने बाळू हे आपल्या समाजाचे कर्तृत्व सिद्ध करणारे पुरुष होते.

कर्णधारपदाचा प्रश्न

१९११ नंतर ज्येष्ठता आणि कामगिरी या दोन्ही निकषांवर हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे येणे स्वाभाविक होते. परंतु १९१३ मध्ये ते एम. डी. पै यांच्याकडे गेले. हा मान बाळूंना मिळावयास हवा होता, असे पै यांनी स्वतःच मोकळेपणाने मान्य केले. पुढील काही वर्षे हाच क्रम चालू राहिला.

१९२० साली हा प्रश्न चिघळला. पै आजारी असल्याने दि. ब. देवधर यांची कर्णधार म्हणून निवड झाली आणि बाळूंना संघातून वगळण्यात आले. देवधरांहून ज्येष्ठ असलेले शिवराम आणि विठ्ठल यांना जातीमुळे आपला विचार झाला नाही असे वाटले. त्यांनी जाहीर पत्रक काढून संघातून माघार घेतली. वर्तमानपत्रांतून त्यावर मोठी चर्चा झाली आणि लोकमत त्यांच्या बाजूने झुकले. अंतिम सामन्यासाठी पै कर्णधार म्हणून परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि दोघे भाऊही संघात आले. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर राहिले आणि तेवढा वेळ संघाचे नेतृत्व बाळूंकडे आले. या हंगामाबरोबर त्यांची प्रथम दर्जाची कारकीर्द संपली. त्यांनी एकूण ३३ सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी मिळवले.

जे थोरल्या भावास लाभले नाही ते धाकट्यास लाभले. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना नमवून चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले असून पालवणकर बंधूंच्या कारकिर्दीची माहिती देणारे ते महत्त्वाचे साधन आहे.

राजकीय जीवन

१९३० च्या दशकात बाळू सार्वजनिक जीवनात उतरले. १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ देण्याचा निवाडा जाहीर केला आणि त्याविरुद्ध महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले. तडजोडीच्या वाटाघाटींत बाळू आणि मद्रासचे नेते एम. सी. राजा यांनी भाग घेतला. २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर बाळूंचीही स्वाक्षरी आहे.

१९३५ साली नाशिक जिल्ह्यातील येवला येथे डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. बाळूंना हा मार्ग मान्य नव्हता. हिंदू समाजात राहूनच सुधारणा घडेल, असे त्यांचे मत होते. एकेकाळचे चाहते आणि त्यांचा नायक यांच्या वाटा येथे वेगळ्या झाल्या.

१९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईतील राखीव जागेसाठी बाळूंना स्वतंत्र मजूर पक्षाच्या डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. त्यापूर्वी मुंबई महापालिकेच्या निवडणुकीतही बाळू हिंदू महासभेच्या वतीने उभे राहून पराभूत झाले होते.

मृत्यू आणि वारसा

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. भारताने १९३२ मध्ये पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा त्यांची कारकीर्द संपून बारा वर्षे लोटली होती. त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव नाही आणि अनेक दशके ते विस्मृतीत राहिले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरील २००२ मधील ग्रंथामुळे त्यांचे चरित्र पुन्हा अभ्यासकांसमोर आले.

भारताचे पहिले थोर गोलंदाज म्हणून बाळूंचा उल्लेख आता केला जातो. त्यांच्या कारकिर्दीत पंक्तीतील वेगळे पान नाहीसे झाले आणि तिच्यानंतर त्यांच्या भावास कर्णधारपद मिळाले. हे बदल घडण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला आणि त्यातील बहुतेक काळ बाळू गोलंदाजी करीत राहिले.