अंगणात भरलेली शाळा : ताराबाई मोडक आणि मुलांच्या वयाला साजेसे खेळ

तुमचे मूल अंगणवाडीत जात असेल, तर एका बाईंचे नाव तुम्हाला माहीत असायला हवे. ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि त्यामागची कल्पना ताराबाई मोडक यांच्या कामातून आली. नंदुरबार जिल्ह्यात काम करताना पालक मला बहुतेक वेळा तेच प्रश्न विचारतात. मुलासाठी महागडी खेळणी घ्यावीत का? अक्षरे कधी शिकवावीत? मोबाइलवरची गाणी लावली तर बिघडते का? यांपैकी बऱ्याच प्रश्नांवर ताराबाईंनी आयुष्य घालवले होते. म्हणून आज त्यांची गोष्ट सांगतो आणि तिच्यातून तुमच्या घरी काय करता येईल, तेही सांगतो.

मुलीसाठी सुरू झालेला शोध

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. मुलींनी शिकणेच दुर्मीळ असलेल्या त्या काळात त्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर त्या अमरावतीला गेल्या, पण तो संसार टिकला नाही. पुढे राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. लहानगी प्रभा सोबत होती. तिला कसे शिकवावे हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. छडी आणि पाठांतराच्या शाळेत तिला घालायला त्यांचे मन तयार नव्हते.

त्याच सुमारास भावनगरला गिजुभाई बधेका यांचे बालमंदिर सुरू झाले होते. इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीने तिथे लहान मुले शिकत. १९२३ साली ताराबाई नोकरी सोडून भावनगरला गेल्या आणि १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला.

तिथे त्या जे शिकल्या, ते आज वैद्यकशास्त्रही मान्य करते. मुलाची वाढ पायऱ्यांनी होते आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. नऊ-दहा महिन्यांचे बाळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत वस्तू धरू लागते. मग ते झाकण फिरवते, पीठ मळते, मणी ओवते. एवढे झाल्यावरच बोटांत पेन्सिल धरण्याची ताकद येते. म्हणून तीन वर्षांच्या मुलाला जबरदस्तीने ‘अ आ इ’ गिरवायला लावून फारसे हाती लागत नाही. त्या वयात त्याला चिखल आणि कणकेचा गोळा द्या. अक्षरांची तयारी तिथेच होते.

बोर्डी : मुले येत नाहीत, मग शाळेनेच जायचे

मुंबईला परतल्यावर १९३६ साली दादरला ‘शिशुविहार’ सुरू झाले. ते नावारूपाला आले, पण तिथे येणारी मुले मुख्यतः शहरातल्या शिकलेल्या घरांतली होती. गरीब मुलांचे काय, हा प्रश्न ताराबाईंना सोडत नव्हता. १९४५ साली, पन्नाशी ओलांडलेली असताना, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, त्या कायमच्या.

गावात बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले तिकडे फिरकेनात. आईबाप पहाटे कामावर जात आणि मुले मागे उरत. पालकांना मुलांच्या शिक्षणाची किंमत नाही, असे म्हणून गप्प बसणे सोपे होते. ताराबाईंनी उलट पाऊल उचलले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात भरवायची! झाडाखाली, ओसरीपुढे मुले जमवायची. आधी हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखे कापायची, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. ही अंगणवाडी.

खेळसाहित्याचेही तसेच झाले. माँटेसरीची मूळ साधने घडीव आणि महाग असतात. खेड्यातल्या कामात त्यांची जागा बिया, शिंपले, खडे, पाने आणि मातीने घेतली. लहान-मोठे ओळखणे, रंग लावणे, मोजणे आणि क्रम लावणे हे सगळे त्यांतून शिकता येते. मुलाच्या मेंदूला वस्तूची किंमत कळत नाही. ती हाताळून काय करता येते आणि ते करताना कोण आपल्याशी बोलते आहे, एवढेच त्याला कळते.

कोसबाड : धाकट्यांना सांभाळणारी मुले

१९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. तिथे नवी अडचण समोर आली. सात-आठ वर्षांच्या मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरत आणि मुलगे गुरे राखत. शाळेत कोण येणार? मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली गेली. तिला ‘विकासवाडी’ म्हणत. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि ताई वर्गात. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरू लागली, ती ‘कुरणशाळा’.

आपल्याकडे धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरही मोठी बहीण धाकट्याला सांभाळताना दिसते. ऊसतोडीला गेलेल्या घरांत हे काम आजीकडे येते. अशा वेळी खेळ ठरवताना जो मुलाजवळ दिवसभर असतो, त्यालाच ते समजावून सांगा.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाला. १९७३ साली त्यांचे निधन झाले आणि कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे नेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत.

तुमच्या घरी काय करता येईल?

दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के आकाराचा होतो. म्हणजे ही वर्षे शाळेत नाव घालण्याआधीच निघून जातात. वेगळा वेळ काढता आला नाही, तरी घरातल्या कामांतच हे खेळ बसवा.

जन्म ते ६ महिने : चेहरा जवळ आणून बोला, गाणे म्हणा. बाळ जागे असताना आणि तुम्ही समोर असताना त्याला थोडा वेळ गोधडीवर पालथे ठेवा.

६ ते १२ महिने : वाट्या, चमचे, झाकणे वाजवू द्या. पदराआड लपून बुवा-कुक करा. भाकरीचा मऊ तुकडा त्याच्या हाताने खाऊ द्या.

१ ते २ वर्षे : तांब्या आण, चप्पल ठेव अशी छोटी कामे सांगा. पाणी भरणे-ओतणे हा या वयाचा आवडता खेळ. दिसेल त्या वस्तूचे नाव सांगा.

२ ते ३ वर्षे : गोष्टी सांगा, खोटा-खोटा स्वयंपाक करू द्या, जमिनीवर खडूने रेघोट्या मारू द्या.

३ ते ४ वर्षे : कणकेचे आकार, पानांची लहान-मोठी रांग, बटणे लावणे, उड्या मारणे.

४ ते ६ वर्षे : बिया मोजणे, ठिपक्यांची रांगोळी, लंगडी, पाळीने खेळायचे खेळ.

बोला ते तुमच्याच भाषेत. भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजर, घरात जी असेल ती. घरची भाषा पक्की झालेले मूल शाळेतली मराठी सहज उचलते. दोन वर्षांखालच्या मुलाला मोबाइल देऊ नका. पडदा त्याला उत्तर देत नाही, आणि बोलणे शिकायला समोरून उत्तर यावे लागते.

काही धोके लक्षात ठेवा. तीन-चार वर्षांपर्यंत मुलाच्या हाती शेंगदाणे, हरभरे, चिंचोके किंवा मणी देऊ नका. ते श्वासनलिकेत अडकू शकतात. गुंज, एरंड आणि धोत्र्याच्या बिया विषारी असतात. त्या कोणत्याही वयात खेळायला नकोत. पाण्याजवळ मुलाला क्षणभरही एकटे सोडू नका, बादली असली तरी. मिरचीच्या पथारीवरून आल्यावर हात साबणाने धुऊनच मुलाला घ्या.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

सगळी मुले एकाच दिवशी चालत-बोलत नाहीत, थोडा पुढे-मागे फरक असतोच. पण पुढीलपैकी काही दिसले तर ‘होईल आपोआप’ म्हणून थांबू नका.

• ३ महिने झाले तरी बाळ तुमच्याकडे पाहून हसत नाही
• ५-६ महिन्यांनंतरही मान धरत नाही
• १० महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नाही
• दीड वर्षाचे होऊनही चालत नाही, एकही अर्थाचा शब्द बोलत नाही किंवा बोटाने काही दाखवत नाही
• २ वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नाही
• आवाजाकडे वळत नाही
• आधी येत असलेली गोष्ट कोणत्याही वयात विसरते

मूल वेळेआधी जन्मलेले असेल, तर दोन वर्षांपर्यंत वय मोजताना बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजा. बोलणे उशिरा येत असेल, तर आधी कान तपासून घ्या. ऐकू कमी येत असले तर लवकर उपचार झाल्याने मोठा फरक पडतो. वजन वाढत नसेल तर तेही सांगा, कारण उपाशी आणि रक्त कमी असलेले मूल खेळत नाही आणि न खेळणारे मूल शिकत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुले तपासते. तारीख सेविकाताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला नक्की न्या. कामासाठी गाव सोडत असाल, तर माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या आणि जिथे जाल तिथल्या अंगणवाडीत मुलाचे नाव सांगा. अंगणवाडी मुळात अशाच मुलांसाठी सुरू झाली, ज्यांचे आईबाप दिवसभर कामावर असत. तिच्यावर तुमच्या मुलाचा हक्क आहे.