माल्कम म्हणजे कोणाचा दास? (9 जून, संत कोलंबा यांचा सण. वाचन: स्तोत्रसंहिता 34)



माझं नाव माल्कम. उत्तन, भाईंदर, वसई, कुठेही जा, आपल्या लोकांत एखादा माल्कम भेटतोच. लहानपणी वाटायचं, हे गोऱ्या साहेबाचं नाव. साहेब गेला, नाव राहिलं. महाबळेश्वरची माल्कमपेठही 1827 ते 1830 मध्ये मुंबईचे गव्हर्नर असलेल्या जॉन माल्कम यांच्या नावाची. ते स्कॉटलंडचे, आणि नावही तिकडचंच. तिथल्या जुन्या गेलिक भाषेत ते 'माएल कोलुम'. माएल म्हणजे डोकं मुंडलेला, म्हणून दास, भक्त. कोलुम म्हणजे संत कोलंबा. आपल्याकडे जसा रामदास, तसा हा कोलंबादास. स्कॉटलंडचे चार राजे या नावाचे झाले.

मग मी ज्याचा दास, तो होता तरी कसा?

कोलंबाचा जन्म सुमारे 521 साली आयर्लंडमध्ये, राजघराण्यात झाला. लॅटिनमध्ये कोलंबा म्हणजे कबुतर. पण स्वभाव काही कबुतराचा नव्हता! परंपरा सांगते की गुरू फिनियन यांच्याकडच्या स्तोत्रांच्या पुस्तकाची त्याने गुपचूप नक्कल केली. गुरूंनी ती मागितली, हा देईना. वाद राजापर्यंत गेला. वासरू जसं गाईच्या धन्याचं, तशी नक्कल पुस्तकाच्या धन्याची, असा न्याय राजाने दिला. कोलंबाला तो पटला नाही. सुमारे 561 साली त्याच्या कुळाची राजाशी लढाई झाली आणि पुष्कळ माणसं मेली. या लढाईमागे इतरही कारणं होती म्हणतात, पण देवाच्या स्तोत्रांवरून रक्त सांडलं, ही आठवण लोकांनी आजवर जपली आहे.

563 साली कोलंबा बारा सोबत्यांना घेऊन होडीने समुद्रापार निघाला आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयोना नावाच्या लहानशा बेटावर उतरला. तिथे त्याने मठ उभारला. उत्तरेच्या पिक्ट लोकांच्या राजाकडे, ब्रुडेकडे, तो जाऊन आला. शेती, प्रार्थना आणि हाताने पुस्तकं लिहून काढणं, यात चौतीस वर्षं गेली. नकलेवरून भांडणारा माणूस आता इतरांसाठी नकला करत होता.

पुढे त्याच मठाचे प्रमुख झालेले अदोमनान यांनी सुमारे शंभर वर्षांनी त्याचं चरित्र लिहिलं. ते सांगतात, शेवटच्या दिवशीही कोलंबा स्तोत्रंच उतरवत होता. स्तोत्र 34 मध्ये, देवाला शोधणाऱ्यांना चांगल्या कशाचीही उणीव पडत नाही, इथवर येऊन तो थांबला. उरलेलं बेथिनने लिहावं, असं त्याने सांगितलं. त्याच रात्री, 9 जून 597 रोजी, चर्चमध्ये वेदीसमोर त्याने प्राण सोडला.

काल रात्री मी स्तोत्र 34 उघडलं. तो थांबला ती दहावी ओवी. तिथून चारच ओव्या पुढे, चौदाव्या ओवीत, वाईट सोडून शांतीच्या मागे लागायला सांगितलंय. म्हणजे ती ओवी त्याने मागच्यांसाठी ठेवली.

माझा थोरला भाऊ आणि मी गावच्या घराच्या वाटणीवरून दोन वर्षं बोललो नाही. मिस्साला एकाच चर्चमध्ये असतो, शांतीचं चिन्ह देताना तो एका बाजूला बघतो, मी दुसऱ्या. हक्क माझाच आहे, हे मला आजही वाटतं. कोलंबालाही तसंच वाटलं होतं.

ही पोस्ट टाकली की भावाला फोन लावणार आहे. उचलेल की नाही, ठाऊक नाही. माझ्यासाठी एक प्रार्थना कराल?

आजचा प्रश्न: तुमच्या वाट्याची चौदावी ओवी कोणापाशी अडली आहे?

हे प्रभू, ज्यांच्यापुढे आम्ही हट्टाने बरोबर ठरलो, त्यांच्याकडे जायचं बळ आम्हाला दे. आमेन.