रुग्णांचे चेहरे जपणारी चित्रकार

जर्मनीत ड्रेस्डेनजवळ एल्बे नदीकाठी पिर्ना नावाचे गाव आहे. तिथल्या टेकडीवर १८११ मध्ये सोन्नेनस्टाइन मनोरुग्णालय सुरू झाले. मनोरुग्णांना कोंडून न ठेवता बरे करता येते, या विचाराने चालणारी ही संस्था युरोपभर नावाजली गेली. त्याच आवारात १९४० मध्ये चित्रकार एल्फ्रीडे लोझे-वेख्टलर यांना ठार मारण्यात आले.

एल्फ्रीडे यांचा जन्म १८९९ मध्ये ड्रेस्डेनचा. वडिलांचा विरोध पत्करून त्या चित्रकलेकडे वळल्या. १९२१ मध्ये गायक कुर्ट लोझे यांच्याशी लग्न झाले. पण संसार टिकला नाही आणि पैशांची चणचण कायम राहिली. १९२९ मध्ये मन खचल्याने त्यांना हॅम्बुर्गच्या फ्रीडरिश्सबर्ग रुग्णालयात दाखल केले गेले. तिथे सुमारे दोन महिन्यांत त्यांनी सोबतच्या रुग्ण स्त्रियांची साठेक चित्रे काढली. त्या चेहऱ्यांत आजार दिसतो, पण त्याआधी माणूस दिसतो.

१९३२ मध्ये त्यांना आर्न्सडॉर्फच्या रुग्णालयात ठेवण्यात आले. निदान झाले स्किझोफ्रेनियाचे. त्यानंतर नाझी सत्तेवर आले. आनुवंशिक ठरवलेल्या आजारांच्या रुग्णांची सक्तीने नसबंदी करणारा कायदा झाला. १९३५ मध्ये नवऱ्याने घटस्फोट घेतला आणि त्याच वर्षाअखेर एल्फ्रीडे यांची नसबंदी झाली. त्यानंतर त्यांची चित्रकला थांबली.

पुढे ‘टी-४’ मोहीम आली. रुग्णालयांनी फॉर्म भरून पाठवायचे, तज्ज्ञ डॉक्टरांनी रुग्णाला न पाहताच त्यावर खूण करायची. रुग्ण काम करू शकतो का, याला मोठे महत्त्व होते. ३१ जुलै १९४० रोजी एल्फ्रीडे यांना सोन्नेनस्टाइनच्या तळघरात कार्बन मोनॉक्साइडने मारण्यात आले. कागदोपत्री कारण लिहिले न्यूमोनिया. त्या चाळीस वर्षांच्या होत्या. १९४० आणि १९४१ मध्ये तिथे १३,७२० मनोरुग्ण व अपंगांचा असाच बळी गेला.

युद्धानंतर अनेक वर्षे या तळघराबद्दल फारसे कुणी बोलले नाही. नागरिकांच्या पुढाकारानंतर २००० मध्ये तिथे स्मारक उघडले. आज तिथे ती खोली पाहता येते आणि मारल्या गेलेल्यांची आयुष्ये वाचता येतात. एकेकाळी फॉर्मवरच्या एका खुणेने पुसलेली माणसे तिथे पुन्हा नावानिशी भेटतात. उपचार करणाऱ्यांनी रुग्णाला ओझे मानले की काय घडते, हे त्या भिंती सांगतात.