घोड्यावरून येणाऱ्या नर्सबाई

ओढ्याला पूर आला, रस्ता बंद झाला आणि नेमकी त्याच रात्री घरातली बाई अडली, तर काय होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. गावाला डॉक्टर मिळत नाही ही तक्रार मात्र फक्त आपलीच आहे असं समजू नका. शंभर वर्षांपूर्वी खुद्द अमेरिकेत, केंटकी राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरात, लेस्ली नावाच्या जिल्ह्यात औषधालासुद्धा परवानाधारक डॉक्टर नव्हता. मोटारीचा रस्ता नव्हता. नदीच्या पात्रातून नाहीतर खेचराच्या पायवाटेनं जायचं. तिथं मेरी ब्रेकिन्रिज या बाईंनी काय केलं, ते वाचण्यासारखं आहे.

मेरीबाई १८८१ साली मोठ्या घराण्यात जन्मल्या. आजोबा अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले, वडील रशियात राजदूत. पण दैव आडवं आलं. १९०४ मध्ये लग्न झालं, १९०६ मध्ये पती वारले. मग त्यांनी न्यूयॉर्कला नर्सिंगचं शिक्षण घेतलं. दुसरं लग्न केलं. १९१६ साली मुलगी दिवस भरण्याआधी जन्मली आणि काही तासांत गेली. मुलगा चार वर्षांचा होऊन १९१८ मध्ये गेला. पुढे नवऱ्यापासूनही त्या वेगळ्या झाल्या. अशा ठिकाणी माणूस खचतो. बाईंनी उरलेलं आयुष्य दुसऱ्यांच्या लेकरांसाठी घालवायचं ठरवलं.

पहिलं महायुद्ध संपल्यावर त्या फ्रान्समध्ये उजाड झालेल्या मुलखात गेल्या. मुलांना दूध मिळेना, म्हणून मायदेशी पत्रं धाडून शेळ्यांसाठी पैसे जमवले. शेळी ही गरिबाची गाय, हे त्या मोठ्या घरच्या बाईलाही कळलं बरं का! तिथंच त्यांना इंग्लंडच्या नर्स भेटल्या. त्या नर्सिंग तर शिकल्या होत्याच, वर बाळंतपणाचंही रीतसर शिक्षण घेतलेल्या. अमेरिकेत अशी दुहेरी शिकलेली नर्स तेव्हा जवळपास नव्हतीच.

कामाला हात घालण्याआधी बाईंनी पाहणी केली, आणि ती कागदावरची नव्हे. १९२३ च्या उन्हाळ्यात घोड्या-खेचरांवरून सहाशे मैलांहून जास्त डोंगर तुडवून त्यांनी ५३ सुईणींची गाठ घेतली. बहुतेक म्हाताऱ्या, अनुभवी, पण शिक्षणाविना. मग वयाच्या चाळिशीनंतर या बाई लंडनला जाऊन सुईणीचं काम शिकल्या, परीक्षा दिली. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर सरकारनं १९१३ पासून चालवलेली आरोग्यसेवाही पाहून आल्या. १९२५ मध्ये लेस्ली जिल्ह्यात काम सुरू झालं. १९२८ पासून त्याला फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस म्हणू लागले.

आता हे चालायचं कसं, ते नीट पाहा. सुमारे ७०० चौरस मैलांचा मुलूख. त्यात ठिकठिकाणी नर्सची केंद्रं अशी बांधली, की केंद्रापासून शेवटचं घर साधारण पाच मैलांत यावं. नर्स केंद्रातच राहायची. जागा, लाकूड, मजुरी यांत गावकऱ्यांचा वाटा असायचा आणि देखरेखीला स्थानिक समित्या होत्या. खोगिराला दोन बाजूंना दोन पिशव्या, त्यांत औषधं, लशी, बाळंतपणाचं सामान. गरोदर बाईकडे आधीपासून ठराविक फेऱ्या, बाळंतपणानंतरही फेऱ्या. नवजात बाळाच्या डोळ्यांत औषध, मुलांना देवी, घटसर्प, विषमज्वराच्या लशी. बाळंतपणाची फी ५ डॉलर. रोख नसेल तर डुक्कर, कोंबड्या, वैरण, नाहीतर अंगमेहनत. फुकट घेतल्याचा कमीपणा कुणाला वाटला नाही.

तुम्ही म्हणाल, नर्सनं डॉक्टरचं काम केलं तर चुकायची भीती नाही का? शंका बरोबर आहे. म्हणूनच डॉक्टरांच्या समितीनं लेखी नियम घालून दिले होते. कोणत्या दुखण्यात नर्सनं स्वतः काय करायचं, कोणतं औषध द्यायचं आणि कुठं थांबून डॉक्टरला बोलवायचं, हे त्यात होतं. १९२८ मध्ये हायडन गावी छोटं रुग्णालयही उभं राहिलं. पाठीशी डॉक्टर, हातात लेखी अधिकार, आणि मुक्काम गावात. यातलं एक जरी कमी असतं तरी गाडं अडलं असतं, असं आम्हाला वाटतं.

हिशेबही चोख होता. पहिल्या हजार बाळंतपणांची तपासणी मेट्रोपोलिटन या विमा कंपनीनं केली. १९३२ च्या त्या अहवालाप्रमाणे बाळंतपणाच्या कारणानं एकही आई दगावली नव्हती. त्याच सुमारास साऱ्या अमेरिकेत हजार बाळंतपणांमागे सहा-सात आया दगावत होत्या. डॉक्टर, दवाखाने असलेली शहरं त्यात धरूनही!

बाई देवता होत्या असं नाही. त्यांच्या काळात या सेवेत कृष्णवर्णीय नर्सना जागा नव्हती, आणि तो दोष त्यांचाच.

१९३१ मध्ये घोड्यावरून पडून त्यांचं पाठीचं हाड मोडलं. पुढे पाठीला पट्टा बांधून काम चालू ठेवलं. १९३९ मध्ये दुसरं युद्ध पेटलं आणि इंग्लंडच्या नर्स मायदेशी निघाल्या. तेव्हा रडत न बसता त्याच वर्षी हायडनला स्वतःची शाळा काढली. घोडी जाऊन हळूहळू जीपा आल्या. मेरीबाई १६ मे १९६५ ला हायडनलाच वारल्या.

त्याच १९६५ साली अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला. म्हणजे तपासणी करून ठरलेले उपचार स्वतः देऊ शकणारी नर्स. बाईंच्या शाळेनं १९७० मध्ये तो धडा उचलला. आपल्याकडे केंद्र सरकारनं २०१८ मध्ये बाळंतपणासाठी अशा नर्स तयार करण्याची मार्गदर्शक सूचना काढली, प्रशिक्षण १८ महिन्यांचं. सरपंच मंडळींनी आपल्या आरोग्य केंद्रात असं प्रशिक्षण कुणी घेतलंय का, हे एकदा विचारून ठेवावं. आणि उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या खोलीला दार, दिवा, पाणी आहे का, तेही.