लिंकन आणि त्याचे प्रतिस्पर्धी

पक्षापक्षांतील वैर विकोपाला गेले, की सर्वांना बरोबर घेऊन जाणारा नेता हवा, अशी हाक ऐकू येऊ लागते. असा नेता कोणाला जोडू शकतो आणि त्याच्या सामर्थ्याची सीमा कोठे येते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तो करू पाहणाऱ्याने अब्राहम लिंकनची कारकीर्द अवश्य अभ्यासावी.

१८६० च्या मे महिन्यात शिकागो येथे रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी विल्यम सीवर्ड, सॅल्मन चेस आणि एडवर्ड बेट्स हे मातब्बर पुढारी रिंगणात होते. या सर्वांना मागे टाकून तिसऱ्या फेरीत लिंकन निवडला गेला. निवडणुकीत ४० टक्क्यांहूनही किंचित कमी मते मिळवून तो अध्यक्ष झाला आणि १८६१ च्या मार्चमध्ये त्याने सूत्रे हाती घेण्यापूर्वीच दक्षिणेतील सात राज्ये फुटून निघाली. अशा वेळी दुसऱ्या कोणी आपली विश्वासू माणसेच भोवती जमवली असती. लिंकनने सीवर्डला परराष्ट्र खाते व चेसला अर्थखाते दिले आणि बेट्सला महान्यायवादी नेमले. एडविन स्टँटन तर डेमोक्रॅट. १८५५ साली एकाच पक्षकाराचे वकील असताना त्याने लिंकनचा उपमर्द केला होता. तरीही १८६२ च्या जानेवारीत युद्धखाते त्याच्याकडेच सोपवण्यात आले.

हा निव्वळ मनाचा मोठेपणा नव्हता. त्यामागे राजकीय हिशेबही होता. १८६२ च्या डिसेंबरमध्ये चेसच्या कागाळ्यांवरून रिपब्लिकन सिनेटर सीवर्डला काढण्याचा हट्ट धरून बसले. लिंकनने सिनेटर आणि इतर मंत्री यांना समोरासमोर बसवले. सहकाऱ्यांदेखत चेसला आपली तक्रार रेटता येईना. दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला. सीवर्डचा आधीच आला होता. लिंकनने दोन्ही नाकारले आणि पक्षाचे दोन्ही गट सरकारात राखले.

परंतु प्रत्येक दरी त्याने बुजवली नाही. नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाव देऊन दक्षिणेची समजूत घालावी, ही सूचना त्याने अध्यक्ष होण्यापूर्वीच धुडकावली. १८६२ च्या जुलैत गुलामांच्या मुक्ततेचा मसुदा मंत्र्यांपुढे ठेवताना, निर्णय आपण घेतला आहे, हेही त्याने सांगून टाकले. युद्धात एखादा विजय मिळेपर्यंत थांबावे, हा सीवर्डचा सल्ला त्याने मानला. पण मूळ निर्णय कोणाच्या संमतीवर टांगून ठेवला नाही. माणसांच्या बाबतीत तो लवचीक होता, तत्त्वाच्या बाबतीत नव्हता.

१८६४ साली पक्षाने नॅशनल युनियन असे व्यापक नाव धारण केले आणि लिंकनच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी टेनेसीचा संघनिष्ठ डेमोक्रॅट अँड्र्यू जॉन्सन उभा केला. संघराज्य टिकवण्यावर दोघांचे एकमत होते. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचे पुढे काय, हा प्रश्न त्या मैत्रीत झाकला गेला. १८६५ च्या एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला आणि तो प्रश्न जॉन्सनच्या हाती आला. कृष्णवर्णीयांना नागरिकत्वाचे हक्क देणारे १८६६ चे विधेयक त्याने नाकारले. ते काँग्रेसला त्याच्या विरोधाला डावलून संमत करावे लागले. १८६८ साली त्याने स्टँटनला काढू पाहिले, तेव्हा त्याच्यावर महाभियोग आला. खटल्याच्या अध्यक्षस्थानी होता लिंकननेच सरन्यायाधीश नेमलेला चेस, आणि जॉन्सनच्या बाजूने उभा होता सीवर्ड. एका मताने जॉन्सन वाचला.

एकाच टेबलाभोवती बसलेली ती माणसे तीन वर्षांत अशी पांगली. लिंकनने प्रतिस्पर्ध्यांना जोडले ते एका निश्चित कार्यासाठी. ते कार्य संपले आणि जोडणाराही गेला. केवळ मतांच्या बेरजेसाठी मूळ मतभेद झाकून साधलेला सलोखा पुढच्या पिढीवर कर्ज ठेवून जातो. अमेरिकेत ते कर्ज नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना आणि त्यांच्या मुलाबाळांना फेडावे लागले. म्हणून सर्वांना बरोबर घेणाऱ्या नेत्याचे कौतुक करताना, तो कोणाला बरोबर घेतो एवढेच न पाहता, कशासाठी घेतो आणि त्याची किंमत कोण देतो, हेही विचारले पाहिजे.